मधे बदक कुठून आलं?

हसायचं नाही, हे आधी कबूल करा. मान डोलावून चालणार नाही, तोंडानं बोला! कारण हा किस्सा मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. म्हणजे मी सांगितलेला नाही. सुनंदानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, तो अर्ध्या इंदूरला ऐकवून झालाय. पण तिच्या तोंडून ऐकलात तर माझी बाजू तुम्हाला कळणारच नाही. तशी माझी बाजू फार मोठी नाही. तरी पण.

आधी माझा स्वभाव सांगतो, नाहीतर पुढचं पटायचं नाही. सांवेर रोडच्या एका कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोलला आहे. बाटल्यांची झाकणं तपासतो. शंका घ्यायचा मला पगार मिळतो! आणि एखादं झाकण एकदम निर्दोष दिसलं ना, की मी ते दोनदा फिरवून बघतो. हेच घरी पण चालतं. दुधावर शंका, गॅसच्या सिलिंडरवर शंका, टरबूज गोड निघालं तर 'याला सुई टोचली असणार' म्हणून शंका. सुनंदा म्हणते, "तुमच्यासमोर खरं येऊन उभं राहिलं तरी तुम्ही त्याचं आधार कार्ड मागाल."

दुसरा रोग फोटोंचा. आमचे आजोबा महूला फौजेत होते, त्यामुळे महूच्या भंगारात आपलंच काहीतरी पडलंय असं मला कायम वाटत आलंय. तिथंच एका कबाड्याकडे पंख्यांच्या पात्यांखाली मला ती दिसली. लेन्स! जुन्या रशियाची, पाचशे एमएमची टेलिफोटो. दंडाएवढी जाड, आणि वजन म्हणाल तर वर्षाचं पोर कडेवर घ्यावं तसं. मी तिथल्या तिथे प्रेमात पडलो. मग लगेच शंका घेतली. काचेत बुरशी आहे का, आत खडखडतंय का, सगळं तपासलं. लेन्स ठणठणीत होती. म्हणून जास्तच शंका आली, पण विकत घेतली.

आता अडचण अशी, की या जुन्या लेन्सला आटे आणि माझ्या नव्या कॅमेऱ्याला खाचा. दोघांचं जमवायचं तर मधे एक कडं पाहिजे. ते मी पोलोग्राउंडला एका लेथवाल्याकडून कातून घेतलं. पहिलं कडं केसभर जाड झालं. परिणाम काय? समोरच्या झाडावरचं लिंबू चकाचक, आणि त्यापलीकडचं जग दह्यात बुडालेलं! मी सरळ लेथवाल्याला म्हणालो, "भाईजान, अंदर का काच तो नहीं बदल दिया?"

तो बिचारा मशीन बंद करून म्हणाला, "भिया, शक है तो सामने बैठ जाओ."

बसलो ना! स्टूल ओढून, डोळे फाडून बसलो. त्यानं कडं जरासं घासलं आणि लेन्सला लांबचं दिसायला लागलं. वरून ऊन येऊ नये म्हणून पुढे मी घरातला शेवेचा डबा कापून, काळा रंग देऊन बसवला. तो सुनंदाचा आवडता डबा होता, हे मला नंतर कळवण्यात आलं.

पण लेन्स काय होती सांगू! गच्चीवरून मी पहिला फोटो काढला तो शेजारच्या पाण्याच्या टाकीचा. फोटोत त्या टाकीवर सांवेर रोडच्या कारखान्याची चिमणी येऊन बसलेली! टाकी बिडी ओढतेय असं वाटत होतं. मधलं सगळं शहर गायब. टेलिफोटोचं हेच असतं. मागचं ओढून पुढच्याला चिकटवते. जो घरी येईल त्याला मी हा फोटो दाखवायचो आणि म्हणायचो, "बघा, ही लेन्स अंतर खाते!"

हे वाक्य ध्यानात ठेवा. मला नाही ठेवता आलं.

तर अशा वेळी आमच्या लेकीचं, प्रज्ञाचं, लग्न जमत आलं. मुलगा निखिल. मूळचा अकोल्याचा, इथे इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवतो, सिरपूर तलावाजवळ खोली घेऊन राहतो. प्रज्ञानं स्वतःच पसंत केलेला. पहिल्यांदा घरी आला तेव्हा "जय भीम काका" म्हणत पाया पडला, टाकीचा फोटो बघून "वा!" म्हणाला, दोनदा पोहे घेतले आणि स्वतःची प्लेट स्वतः धुतली.

प्लेट धुतली! माझ्या डोक्यात घंटा वाजली.

"सुनंदा, हा पोरगा जरा जास्तच चांगला आहे."

"मग? वाईट पाहिजे होता?"

"तसं नाही. पण इतका साफ पीस? कुठेतरी डिफेक्ट असणार."

"डिफेक्ट तुमच्या डोक्यात आहे," ती म्हणाली, आणि मला ताकीद दिली. निखिलचे वडील अकोल्याहून येऊन साक्षगंधाची तारीख ठरवेपर्यंत त्या नळकांड्याला हात लावायचा नाही. घरात कामं पडलीत.

आता मी काय करावं? निखिल बोलता बोलता म्हणाला होता, 'मी रोज सकाळी तलावावर फिरायला जातो.' रोज? सकाळी? फिरायला? कोण जातं हो रोज? मला तपासणी करायलाच पाहिजे होती. पोरगी एकुलती एक आहे. झाकण खराब निघालं तर परत करता येतं, जावई परत करता येत नाही.

मग मी घरी जाहीर केलं, "उद्यापासून मॉर्निंग वॉक. डॉक्टरांनी सांगितलंय." आणि रोज सकाळी लेन्स सतरंजीत गुंडाळून, स्कूटरवर मधे ठेवून, सिरपूर गाठायला लागलो. कुणी विचारलं तर पक्ष्यांचे फोटो! पक्षी पण काढत होतो म्हणा. सुनंदा दारात उभी राहून बघायची आणि काही बोलायची नाही. मला वाटलं, खूश आहे.

सुरुवातीला निखिल नुसताच चालायचा. कानात वायर, अंगात स्वेटर, सरळ मान. कुत्र्याला सुद्धा बाजूनं वळसा घालून जायचा. माझी शंका वाढतच चालली.

आणि मग एका सकाळी सापडला!

मी तलावाच्या काठच्या उंच पाळीवर, म्हणजे मातीच्या भरावावर, स्टँड लावून उभा होतो. चश्मा काढून कपाळावर ठेवलेला, कारण चश्म्यानं डोळा नीट टेकत नाही. आणि मधल्या बांधावर निखिल दिसला. थांबलेला. त्याच्या शेजारी एक मुलगी! चेहऱ्याला पिवळा दुपट्टा गुंडाळलेला. तुम्हाला माहीतच आहे, आमच्या इंदूरच्या मुली स्कूटीवर निघताना दुपट्टा असा बांधतात की सख्ख्या बापाला ओळखू येऊ नयेत. वरून काळा गॉगल. आणि तिचा हात, अहो, तिचा हात थेट निखिलच्या खांद्यावर!

खटाखट फोटो घेतले. चश्मा शोधून डोळ्यावर घालीपर्यंत बांध रिकामा. दोघंही गायब. एकत्रच गेले असणार, दुसरं काय?

घरी आलो. सुनंदा ओट्यापाशी होती, कपाळावर घाम. मी दार लावलं आणि कॅमेरा तिच्यापुढे धरला. "बघ. बघ तुझा प्लेट धुणारा!"

सुनंदानं पाहिलं. आणि तिचा चेहरा जो पडला म्हणता! आधी पांढरा, मग लाल. मला वाईट वाटलं. आईचं काळीज शेवटी.

"चेहरा कुठे दिसतोय? कोणी पण असेल," ती हळूच म्हणाली.

"कोणी पण? खांद्यावर हात ठेवून? आणि दिसायला तरी काय आहे! ठेंगणी, वरून जाडी."

"जाडी कुठे आहे?"

"जाडी नाही तर काय? आणि तो दुपट्टा बघ. हळदीच्या पोत्यातून काढल्यासारखा. काही टेस्ट आहे का?"

"दुपट्टा चांगला आहे," ती एकदम ताडकन म्हणाली. "आणि हे बघा, फोटो डिलीट करा. आत्ताच्या आत्ता. पोरीच्या सुखात माती कालवू नका."

मी थक्क! आई असून बाजू त्या भवानीची? मग लक्षात आलं. जावयाच्या मोहात पडलीय. एकदा प्लेट काय धुतली, सासू फितूर! आता घरात विश्वास ठेवण्यासारखा एकच माणूस उरला होता, आणि तो मी.

"केला डिलीट," मी म्हणालो. केला नव्हता.

प्रज्ञाला पण सांगितलं नाही. ती लगेच त्याला फोन करणार. आमच्या खात्यात नियम आहे, तपासणीची बातमी माल पाठवणाऱ्याला आधी द्यायची नसते.

रविवार आला. निखिल आणि त्याचे वडील आले. वडील म्हणजे रिटायर्ड शाळामास्तर, पांढराशुभ्र सदरा, बोलणं अस्सल वऱ्हाडी. अकोल्याहून संत्र्यांची पिशवी आणलेली. पोहे झाले, जलेबी झाली. प्रज्ञा निखिलच्या समोर बसून उगाचच हसत होती. सुनंदा चहा टाकायला आत गेली, तसा मी उठलो आणि कॅमेऱ्याची वायर टीव्हीला लावली.

"तारखेच्या आधी एक फोटो बघून घेऊ," मी म्हणालो.

पन्नास इंची टीव्हीवर निखिल, आणि खांद्यावर हात टाकून ती पिवळी!

"हे काय आहे?" मी पोलिसी आवाजात विचारलं.

"सिरपूरचा तलाव," निखिल म्हणाला. "आणि हा मी! काका, भारी आलाय फोटो. मला पाठवाल?"

बघा, कसला निगरगट्ट! "आणि ही?"

निखिल टीव्हीजवळ गेला. "ही कोण?"

"तेच मी विचारतोय!"

"मला काय माहीत काका?"

"एक बाई खांद्यावर हात ठेवते आणि तुला पत्ता नाही? मतलब, खांदा तुझा आहे की भाड्यानं आणलाय?"

प्रज्ञाचं हसू विझलं. ती निखिलकडे बघायला लागली, मग माझ्याकडे. खरं सांगतो, तिचा तो चेहरा बघून मी वायर काढायला हात पुढे केला होता. पण म्हटलं, आज रडली तर चालेल, जन्मभर नको.

वडिलांनी चश्मा पुसला. "निख्या, कोन व्हय रे हे? खरं सांग."

"बाबा, तुमची शपथ, मी नाही ओळखत."

मास्तर माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "साहेब, माह्या पोराले मी वळखतो. तो म्हनते नाही, म्हंजे नाही. अन् तुमी सकायी उठून त्याच्यावर दुर्बिनी लावून बसता? इस्वासच नाही तं सोयरीक कायची? चाल रे, ऊठ." आणि ते खरंच उठले. संत्र्यांची पिशवी तेवढी राहू दिली.

निखिल जागचा हलेना. मास्तर चपला शोधायला लागले. एवढ्यात प्रज्ञा टीव्हीच्या अगदी काचेला नाक लावून उभी राहिली.

"पप्पा," ती म्हणाली, "यांच्या मधे बदक कुठून आलं?"

"कसलं बदक?"

"हे. हे निखिलचं कोपर, हे बदक, आणि मग ती बाई."

मी पाहिलं. होतं बदक. कॅमेऱ्यावर मी ते कितीदा पाहिलं असेल, पण मला वाटलं, तलाव आहे, बदक असायचंच. "असेल! त्याला काय?"

"पप्पा, ते पोहतंय. म्हणजे तिथं पाणी आहे. खांद्यावर हात ठेवलेल्या दोन माणसांच्या मधून बदक पोहत गेलं का?"

मास्तर एका पायात चप्पल घालून टीव्हीसमोर आले. निखिलनं बोट ठेवून दाखवलं, शिकवताना दाखवत असेल तसं. "हा बांध, इथे मी. माझ्या मागे हे पाणी. पाण्याच्या पलीकडे तो काठ, आणि बाई त्या काठावर. म्हणून तर ती जरा लहान दिसतेय. काका, तुम्हीच मला सांगितलं होतं ना? ही लेन्स अंतर खाते."

आता काय सांगू! टाकी आणि चिमणी माझ्या डोळ्यापुढे नाचायला लागली. जी गोष्ट मी गल्लीतल्या प्रत्येकाला पकडून पकडून समजावली, ती एकट्या मलाच समजली नव्हती.

इथे कुठल्याही शहाण्या माणसानं हात जोडले असते. पण मी क्वालिटी कंट्रोलला आहे.

"ठीक आहे," मी म्हणालो. "ती पलीकडे होती, मान्य. पण हात तर तुझ्याकडेच केलाय ना? खुणा करत होती! पलीकडच्या काठावरून! असं तोंड बांधून कुणी उगाच येतं का? मी सोडणार नाही. सिरपूरच्या चहावाल्यांना विचारीन, स्कूटीचा नंबर काढीन, त्या बाईला शोधून इथे आणून उभी करीन!"

"नका शोधू."

सुनंदा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

"का नको?"

"ती मी आहे."

मास्तर बसले. खुर्चीवर बसायचे ते जलेबीच्या डब्यावर बसले.

"तू? तू तिथे काय करत होतीस?"

सुनंदानं ट्रे ठेवला, पदर खोचला, आणि मग जी सुटली! "ज्या माणसाला कोपऱ्यावरून दही आणायला स्कूटर लागते, तो सकाळी उठून फिरायला जातो? रोज? दाढी करून? बरोबर सतरंजी घेऊन? सतरंजी! शंका काय तुम्हाला एकट्यालाच येते?"

"मम्मी!" प्रज्ञा किंचाळली. "म्हणून माझी स्कूटी घेऊन गेली होतीस? माझा ड्रेस घालून?"

"मग काय साडी नेसून पाठलाग करू? आणि तो हात कुणाच्या खांद्यावर नव्हता. हातात मोबाइल होता, तो याच्या खांद्याआड झाकला गेला. यांचा फोटो घेत होते, पुरावा म्हणून. मला काय माहीत मधे जावई उभा आहे!"

"पण मग मी फोटो दाखवला तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी कसाबसा बोललो.

"सांगणारच होते. तोंड उघडलं, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, जाडी आहे." ती मास्तरांकडे वळली. "दादा, तुम्हीच सांगा. आणि तो हळदीच्या पोत्यातला दुपट्टा यांनीच आणलाय. महेश्वरहून. माझ्या वाढदिवसाला."

मास्तरांच्या सदऱ्याआड काहीतरी हलायला लागलं. आधी वाटलं खोकला आहे. नंतर कळलं, माणूस हसतोय. मग निखिल. मग प्रज्ञा, डोळे पुसत पुसत.

मला एकच धागा उरला होता, तो मी पकडला. "फोटो दाखव. तू काढलेला. मी तरी कशावरून मानू?"

सुनंदानं मोबाइल माझ्या हातात दिला. साधा फोन. त्यात भलामोठा तलाव, भलंमोठं आभाळ, मधल्या बांधावर एक पाठमोरा स्वेटर, आणि पार पलीकडच्या पाळीवर मुगाच्या दाण्याएवढा एक ठिपका. मी बोटांनी मोठा केला. ठिपक्याचा धब्बा झाला.

"यात कोण ओळखू येतंय?" मी म्हणालो.

"मला आलं," सुनंदा म्हणाली. "कमरेवर हात, पोट पुढे, चश्मा कपाळावर. एवढ्याशा दाण्यात मी तुम्हाला ओळखलं. आणि तुम्ही माझ्या शेवेच्या डब्यासकट एवढी तोफ लावून बसलात, तरी स्वतःची बायको ओळखता आली नाही!"

मी मास्तरांपुढे हात जोडले, निखिलपुढे जोडले, आणि सुनंदापुढे जोडायला गेलो तर ती म्हणाली, "आधी दादांना दुसरा सदरा द्या, मागे पाक लागलाय."

तारीख त्याच दिवशी ठरली. मास्तर माझाच सदरा घालून, जाताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "साहेब, आता फोटो काहाडसान तं जरा जवळून काहाडजा."

साक्षगंध झालं, लग्न झालं. फोटोला बाहेरचा माणूस लावला, हे वेगळं सांगायला नको. पण निखिलनं तो सिरपूरचा फोटो माझ्याकडून मागून घेतलाच. मोठा करून, फ्रेम करून त्यांच्या हॉलमधे लावलाय. ऐटीत उभा जावई, त्याच्या खांद्यावर मायेनं हात ठेवलेली सासू, आणि मधे बदक.

कुणी नवीन पाहुणा आला की हमखास थांबतो, ही कोण ते विचारतो आणि म्हणतो, "अरे वा! सासूबाईंचा किती जीव आहे जावयावर! आणि सासरे कुठे दिसत नाहीत?"

"आहेत ना," निखिल म्हणतो. "कॅमेऱ्याच्या मागे. शंका घेतायत."